गादीवालीची पाठ

माझ्या मणक्याला टीबी झाला तेव्हा मी गाद्या विकत होते. त्यामुळं पाठ दुखायला लागली तेव्हा मला वाटलं, याच्यावर जेवढा उपाय आपल्या घरात आहे तेवढा कोणाच्याच घरात नसेल.

बजाजनगरात आमचं गाद्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मधे पडदा, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कंपनीतली नोकरी सुटल्यावर माझ्या नवऱ्यानं ते सुरू केलं, पण वर्ष व्हायच्या आत ते माझं झालं. हे माल आणायचे आणि पोचवायचे, विकायची मी. वाळूजच्या कंपन्यांतली पोरं यायची. तिघा-चौघांत एक खोली, आणि एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच गादीवर आडवा, म्हणजे गादीला गार व्हायला सवड नाही. त्यांना मी घट्ट टाके घातलेली कापसाची गादी द्यायची. ती उन्हात टाकता येते आणि बसली तर पुन्हा पिंजून घेता येते. नवी लग्नं झालेल्यांना फोम लागायचा, कारण तो टीव्हीत दिसायचा. सगळे जण येऊन गादी हातानं दाबायचे. मी म्हणायची, "हातानं काय कळतंय, तळहातावर झोपणार आहात का? आडवे व्हा."

दुखणं सुरू झालं दिवाळीच्या आसपास. दोन खांद्यांच्या खाली, मधोमध. सणाच्या गर्दीत गाद्या उचलून लचक भरली असेल, असं मी धरून चालले. शेकलं, तेल लावलं, एका बाईकडून चोळूनही घेतलं. (हे वाचणाऱ्या कोणाची पाठ रात्री जास्त दुखत असेल तर एवढं ऐका, चोळून घेऊ नका.) मग मी गाद्या बदलायला सुरुवात केली.

आमची स्वतःची गादी जुन्या कापसाची होती. मधे खड्डा आणि कडेला गोळे. ती काढली आणि दुकानातला सगळ्यात मऊ फोम घातला. पडल्या पडल्या माहेरी आल्यासारखं वाटलं. पण थोड्या वेळानं कंबर खाली गेली आणि बाकीचं अंग वर राहिलं. कूस बदलायची तर चिखलातून पाय काढावा तसं स्वतःला उपसून काढावं लागायचं. मग काथ्याची आणली, जिला आम्ही दुकानात कॉयर म्हणतो. तिनं अंग धरून ठेवलं, पण खांद्याला आणि माकडहाडाला ती नुसती टोचत राहिली. शेवटी जो भेटेल तो सांगायला लागला की पाठीला कडक पाहिजे, तेव्हा फळीवर सतरंजी टाकून झोपले. फळीवर कमरेखाली पोकळी राहते, हात आरपार जाईल एवढी. ती पोकळी रात्रभर कमरेलाच तोलून धरावी लागते. सकाळी मी भिंतीला धरून उठायची.

मी जी गादी टाकून द्यायची तिच्यावर हे झोपायचे. फोम, कॉयर, फळी, यांना काही फरक पडत नव्हता. पाठ टेकली की घोरणं सुरू. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा इतका हेवा वाटला असेल तर तो नवऱ्याच्या पाठीचा. चांगल्या माणसाविषयी एवढं वाईट मनात येऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं. यांची एकदा तरी कंबर धरावी, एक रात्र तरी, असं मी देवाजवळ मागितलं आहे.

* * *

संध्याकाळी कणकण यायची. अंगावरचं मांस गेलं. एक ओळखीची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "ताई, काय करता हो? कसल्या बारीक झालात." तिला मी हसून दाखवलं. मग एके दिवशी पायऱ्या उतरताना उजवा पाय आपला नसल्यासारखा पडला, आणि हे मला औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणत होतो.

मशीनमधून फोटो काढून झाले. डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते, हे माझं नशीब. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "मणक्याला टीबी आहे."

मी म्हणाले, "मला खोकला नाही."

"टीबी हाडालाही होतो. तुमचा छातीत नाही, त्यामुळं तुमच्यामुळं घरात कोणाला लागायचा नाही. आणि बरा होतो. पण औषध वर्षभर, कदाचित त्याहून जास्त चालेल, आणि एक दिवस चुकवायचं नाही. आधी दवाखान्यात भरती व्हा, सुईनं तुकडा काढून तपासू. मग घरी जाऊन आडवं व्हायचं."

"किती दिवस?"

"मी उठा म्हणेपर्यंत. दोन मणके खचलेत. मागं मज्जारज्जू आहे, त्याच्यावर दाब आला तर पाय जातील."

यांनी खिडकीकडं तोंड केलं. पाय जातील, हे मला नीट ऐकू आलं होतं, पण माझ्या तोंडातून भलतंच आलं. मी विचारलं, "डॉक्टर, गादी कोणती वापरू?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "सपाट आणि घट्ट. नुसती फळी नको. पाठीला जिथं बाक आहे तिथं खालून टेकू मिळाला पाहिजे. तुम्ही काय करता?"

"गाद्यांचं दुकान आहे."

"मग तुम्हीच ठरवा की," ते म्हणाले, आणि त्या दिवसात तेवढं एकच वाक्य मला जरा बरं वाटलं.

रिक्षात हे माझ्या शेजारी सरकून बसले. मग म्हणाले, "सुनंदा, टीबी म्हणून कोणाला सांगायचं नाही. मणक्यात गॅप आहे म्हणू. गाद्यांचं दुकान आहे आपलं. लोक त्याच्यावर तोंड ठेवून झोपतात."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या गल्लीत एका घरी टीबी निघाला तेव्हा शेजारीण त्यांच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायची. मला राग या गोष्टीचा आला की माझे पाय जातील हे ऐकून घरी जाताना त्यांना दुकान आठवलं. पण डॉक्टरसमोर मलाही तेच आठवलं होतं.

* * *

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर रुक्मिणबाई होत्या. शेंद्र्याकडच्या धनगर घरातल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. शेळ्यांना पाला तोडायला कडुलिंबावर चढल्या आणि फांदीसकट खाली आल्या. कमरेखाली त्यांना काहीच कळत नव्हतं.

त्यांच्या खाटेवर हवेची गादी होती. रबराच्या लांब नळ्या शेजारी शेजारी, पायाशी एक छोटी मोटर. एक नळी फुगायची, तिच्या शेजारची बसायची, थोड्या वेळानं उलटं. अंगाचा एकच भाग सारखा दाबला जात नाही. मी इतकी वर्षं गाद्या विकल्या, पण ही कधी ठेवली नव्हती. मला दवाखान्याची रेक्झिनची पातळ गादी मिळालेली, तिच्यात खाटेच्या पट्ट्या मोजता याव्यात अशी. मी पडल्या पडल्या त्या फुगणाऱ्या नळ्यांकडं बघायची आणि वाटायचं, हिला बरी मिळाली. हिच्या नातेवाइकांची कोणाशी ओळख असेल. माझ्यासाठी कोणी का नाही मागत? यांनासुद्धा मी म्हणाले, "तिला आहे तशी मला मागा." ते गेले, आणि नाही मिळाली म्हणून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नर्स आल्या आणि त्यांनी रुक्मिणबाईंना कुशीवर वळवलं. मधला पडदा ओढायचा राहिला. त्यांच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, खोल. मी डोळे मिटले, पण मिटायला उशीर झाला होता. नर्स पुसता पुसता त्यांच्या भावाला सांगत होती, "घरी मऊ फोमवर ठेवलं होतं ना नुसतं? मऊ असून काय होतंय, हलवलं नाय तर खालचं कातडं सडतं."

नर्स गेल्यावर रुक्मिणबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कव्हाची बघती माझ्या गादीकडं. पायजे का?"

मी नजर छताकडं नेली.

"घे की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मला तुझी कूस दे. तू इकडून तिकडं वळती ना, मी बघत असती. लई हेवा वाटतो बघ."

माझी पाठ तेव्हा ठणकत होती आणि मला भिंतीकडं वळायचं होतं. पण त्या बघत असताना वळणं मला जमलं नाही. जेवणाची गाडी येऊन त्यांचं लक्ष तिकडं जाईपर्यंत मी तशीच पडून राहिले.

* * *

घरी आल्यावर माझं अंथरूण मी स्वतः सांगून करून घेतलं. लोखंडी खाटेवर प्लायवुड, म्हणजे खाली झोळ नको. त्याच्यावर काथ्याचा दाबलेला थर, वजन धरायला. त्याच्यावर नव्या कापसाची पातळ गादी, खांदा आणि माकडहाड टेकवायला. कापूस मी नवा पिंजलेलाच मागितला. जुना कापूस एकदा बसला की तो माणसाचं ऐकत नाही, त्याच्या खड्ड्यात माणसाला बसावं लागतं. गुडघ्यांखाली छोटी उशी. कमरेखाली हात घालून बघितलं, हात जात होता पण चाचपडत जात होता. एवढंच पाहिजे. सहज गेला तर गादी फार कडक, आणि अजिबात जात नसेल आणि ढुंगण खाली गेलं असेल तर फार मऊ. मी आजही हेच सांगते.

अंथरूण चांगलं झालं. दिवसभर त्याच्यावर पडून मला ऐकू यायचं ते पडद्यापलीकडचं दुकान.

दुकान बघायला आणि घर सांभाळायला माझी जाऊ आली होती. अनिता, माझ्या दिराची, सोपान भाऊजींची बायको. फुलंब्रीजवळ गावाकडं शेती, तिथं ती सासूबाईंसोबत राहायची. लग्नाला थोडी वर्षं झालेली, मूलबाळ अजून नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की तिला मोकळीक आहे. ती पहाटे उठायची, भाकरी थापायची, माझ्या मुलीचा, पल्लवीचा डबा भरायची, मला आंघोळ घालायची. ओंडका फिरवतात तसं सगळं अंग एकदम फिरवून कुशीवर घ्यायचं, पाठीला पीळ पडू द्यायचा नाही, हे नर्सनं एकदाच दाखवलं होतं. अनिताला ते एकदाच दाखवणं पुरलं. गोळ्यांनी मला उलट्या व्हायच्या, लघवी शेंदरी व्हायची, आणि तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

आणि मला ती बघवत नव्हती.

वाकून फरशी पुसायची तर तिची कंबर किती वेळा वाकते ते मी मोजत बसायची. कापसाची गादी ती खांद्यावर टाकून अशी न्यायची जणू ओला टॉवेल. पल्लवी नववीत होती. आधी माझ्याकडून वेणी घालून घेतल्याशिवाय शाळेत जायची नाही, आता पुढच्या खोलीत काकूसमोर पाय पसरून बसायची. दोघींचं काय चाललेलं असायचं देव जाणे, पण हसणं थांबायचं नाही. मी हाक मारली की पल्लवी लगेच यायची, चेहरा नीट करून. आजारी माणसासमोर करतात तसा. मला तो नीट केलेला चेहरा नको होता.

अनिता आली तेव्हा यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची, दादा म्हणून हळू बोलायची. महिना-दीड महिन्यात पदर खांद्यावर आला. दुकानात गाद्या उतरवताना हे काहीतरी म्हणायचे, ती काहीतरी म्हणायची, आणि हे मोठ्यानं हसायचे. माझ्या मनात भलतंसलतं नव्हतं. असतं तर सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. ती माझ्या जागी छान दिसत होती, एवढंच होतं, आणि त्याच्यावर कोणाशी भांडणार?

धंद्यातलं तिला काहीच येत नव्हतं. मीच शिकवलं. दुपारी माझ्या पायाशी बसून ती विचारायची, "ताई, फोम फोममधे फरक काय असतो?" मी सांगायची. हलका फोम आणि घट्ट फोम दिसायला सारखाच. घट्टाचं वजन जास्त, आणि दाबून सोडला की सावकाश आणि पुरा वर येतो. फोमच्या चुऱ्याची दाबलेली पाटी असते, ती भक्कम, पण एकटी वापरायची नाही. गरम होणाऱ्या माणसाला फोम देऊ नको, त्याला कापूस दे. नवरा जाड आणि बायको बारीक असेल तर मऊ देऊ नको, ती रात्रभर त्याच्याकडं घरंगळत जाईल. हे शेवटचं ऐकून ती इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि पाठीत कळ गेली.

दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडून मी तिला हेच वाक्य एका जोडप्याला सांगताना ऐकलं. जोडपं खळखळून हसलं आणि गादी घेऊन गेलं. माझं वाक्य. मी विकताना कोणी इतकं हसायचं नाही.

मग एकदा कोण्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "मालकीणबाई, हिच्यात भरलंय काय?"

मी कान लावून वाट बघितली. हे तिथंच होते. अनिता म्हणाली, "वर कापूस, खाली काथ्या." ही मालकीण नाही असं ना तिनं सांगितलं, ना यांनी.

त्या दिवशी मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

* * *

हे माल आणायला गेले होते, पल्लवी शाळेत होती. दुकानात एक माणूस आणि त्याची बायको आली. माणसाचा आवाज दमलेला होता. म्हणाला, "वडलांना लकवा झालाय. पडूनच असतात. हाडं लागतात म्हणून ओरडतात. सगळ्यात मऊ असेल ते दाखवा."

अनिता म्हणाली, "मऊ पायजे ना? हा बघा, लोण्यावानी हाय. हाडं लागायचीच नाय."

मी खाटेवर ताठ झाले. रुक्मिणबाईंची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या म्हाताऱ्याच्या काळजीनं मी उठले असं मला लिहिता आलं असतं. काळजी होती. पण त्याच्याआधी आनंद झाला होता. चुकली. शेवटी एकदाची चुकली, आणि बरोबर काय ते मलाच माहीत आहे.

हाक मारली असती तरी भागलं असतं. मी दवाखान्यातून मिळालेला पाठीचा पट्टाही न बांधता कुशीवर झाले, पाय खाली सोडले, उभी राहिले. खूप दिवसांनी जमीन पायाखाली आली. पडद्यापर्यंत गेले, पडदा सारला आणि म्हणाले, "तो देऊ नको."

तिघांनीही वळून बघितलं. उजवा पाय गेला. मी पडताना अनिता कशी पोचली मला माहीत नाही, मधे गाद्यांची थप्पी होती. तिनं मला मागून काखेत धरलं आणि स्वतः खाली बसत गेली, माझी पाठ तिच्या छातीला धरून, तशीच सरळ ठेवून. आम्ही दोघी फरशीवर आलो तेव्हा मी तिच्या अंगावर होते आणि तिचा डावा हात खाली होता. तो मोडल्याचा आवाज मी ऐकला.

ती ओरडली नाही. म्हणाली, "हलू नका ताई. पाय हलतेत का बघा आधी."

पाय हलत होते. दोन्ही.

मी तशीच पडून त्या माणसाला सांगितलं, "मऊ फोम नेऊ नका. हवेची गादी मिळते, मोटरची, दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात विचारा. आणि कितीही चांगली आणली तरी दर दोन तासांनी त्यांची कूस बदला. रात्रीसुद्धा."

त्याची बायको मागं सरकली होती. तिनं विचारलं, "यांना काय झालंय?"

मी तोंड उघडलं, गॅप म्हणणार होते. अनिता म्हणाली, "मणक्याचा टीबी. लागत नाय तो कोणाला. आमी एका घरात ऱ्हातो, मीच धुते-पुसते यांचं. डॉक्टरला इचारा हवं तर."

त्या माणसानं मला उचलून खाटेवर ठेवायला हात दिला, हे मी विसरणार नाही. पण काही न घेता ते गेले.

* * *

अनिताच्या हाताला प्लास्टर पडलं. माझा नवा फोटो काढला, नशिबानं मणके होते तिथंच होते. संध्याकाळी यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवला. "तुला कोणी सांगितलं होतं टीबीचं बोलायला? आता कोण चढतंय दुकानाची पायरी?"

ती मान खाली घालून उभी होती, प्लास्टरचा हात गळ्यात. आणि मला, जिच्यासाठी तो हात मोडला होता तिला, यांचा चढलेला आवाज गोड लागला. ते गोड लागणं थोडा वेळच टिकलं. मग पल्लवी काकूला घास भरवायला बसली, शेजारची बाई हात बघायला आली, आणि मला तिच्या प्लास्टरचाही हेवा वाटायला लागला. माझ्या मणक्याला कोणी प्लास्टर घालून दाखवलं नव्हतं. माझं दुखणं बाहेरून दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. तिला काम करता येत नव्हतं, म्हणून ती माझ्या खाटेजवळ सतरंजीवर आडवी झाली होती. मी छताकडं बघून म्हणाले, "अनिता, मला तुझा हेवा वाटतो."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"पाणी देते तव्हा तुम्ही पेल्याकडं बघता. माझ्याकडं नाय बघत."

मी मान वळवून खाली तिच्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, "मी पण एक सांगू का ताई? राग येईल तुम्हाला."

"सांग."

"गावाकडं मला कोणी काही इचारत नाय. म्हशीला चारा टाकला का, एवढंच इचारतेत. इथं माणूस थांबून ऐकून घेतंय मी काय म्हणते ते. रोज सकाळी देवाला म्हणते, ताईला बरं कर. आन् लगेच मनात येतं, पण इतक्यात नको." तिचा आवाज फाटला. "लई वाईट हाय ना मी?"

आजारपणात माणसाशी सगळे गोड बोलतात. लवकर बरी होशील, काही होत नाही, देव आहे. इतक्या महिन्यांत माझ्याशी पूर्ण खरं बोललेलं ते पहिलं माणूस. माझं दुखणं थोडं लांबावं असं जिला वाटत होतं, तिनंच माझी पाठ खाली लागू दिली नव्हती, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला राग आला नाही. मी म्हणाले, "मी तर यांची कंबर धरावी म्हणून नवस बोलले होते."

ती रडता रडता हसायला लागली. प्लास्टर जमिनीवर आपटलं आणि "आई गं" म्हणून पुन्हा हसली.

मग मी तिला हवेच्या गादीचं सगळं सांगितलं. रुक्मिणबाईंचंही.

* * *

यांची भीती अर्धी खरी झाली. काही दिवस दुकान ओस पडलं. समोरच्या बाईनं आमच्याकडून घेतलेली उशी परत आणून दिली. मग एक दिवस तोच माणूस एकटा आला. वडिलांना हवेची गादी आणली होती, नवरा-बायको आळीपाळीनं उठून कूस बदलत होते. त्याला स्वतःला झोपायला कापसाची गादी पाहिजे होती. ती निवडून झाल्यावर पडद्याशी येऊन त्यानं विचारलं, "ताई, आत येऊ का? माझ्या मेहुण्याला टीबीच्या गोळ्या चालू झाल्यात, सारख्या उलट्या होतेत. तुमच्या थांबल्या का?" मी म्हणाले, "थांबल्या. गोळ्या बंद करू नका म्हणा, डॉक्टरला सांगा, ते मार्ग काढतात." त्याच्यानंतर अशी माणसं येतच राहिली. काही गादी घ्यायची, काही नुसतं विचारून जायची. यांनी गॅप हा शब्द सोडून दिला.

डॉक्टरांनी पट्टा बांधून बसायला सांगितलं, मग उभं राहायला, मग चालायला. औषध संपायला बराच काळ गेला. मी पुन्हा दुकानात बसायला लागले, आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "त्या दुसऱ्या ताई नाहीत का?" दर वेळी मला टोचायचं.

अनिताला न्यायला सोपान भाऊजी आले. कापणीचे दिवस होते, सासूबाईंचा निरोप होता. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली. ती गेली की दुकान, मुलगी, नवरा, सगळं पुन्हा माझं. इतके दिवस मी याचीच वाट बघत होते. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, फुलंब्रीत गाद्यांचं दुकान आहे का चांगलं?"

"आहेत एक-दोन. का बरं?"

"हिला काढून द्या. माल आमच्याकडून जाईल. ही माझ्यापेक्षा चांगलं विकते."

हे तोंडानं म्हणायला जड गेलं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. भाऊजी आधी हसले, मग अनिताच्या चेहऱ्याकडं बघून हसायचे थांबले. सासूबाई वर्षभर ऐकेनात. शेवटी हे स्वतः जाऊन बोलले.

दुकान उघडलं त्या दिवशी मी आणि पल्लवी बसनं गेलो. चप्पल काढायच्या आधीच माझ्या लक्षात आलं की जागा आमच्यापेक्षा मोक्याची आहे, रस्त्याला लागून, उजेडाची. ओळखीचा हेवा पुन्हा जागा झाला. अनितानं मला आत घेतलं, पाणी दिलं, आणि एका गादीवर हात मारून म्हणाली, "आडव्या व्हा. हातानं काय कळतंय?"

मी आडवी झाले. वर कापूस होता, खाली काथ्या, मधे घट्ट फोमची पातळ पट्टी. ती तिनं स्वतःच्या डोक्यानं घातली होती. माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मी कमरेखाली हात घालून बघावं म्हणून हात उचलला, आणि मला तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. डोक्याशी अनिता कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. "जरा बारीक बोला. आमच्या जाऊबाई हायत, झोपल्यात." एक बाई म्हणाली, "किती गाढ झोप लागली हो यांना. मला दुसरी नका दाखवू, हीच द्या."

"हीच?" अनितानं विचारलं.

"हीच."

मी डोळे मिटूनच होते. अनिताचा हात माझ्या खांद्यावर आला. "ताई," ती म्हणाली, "उठा. गिऱ्हाईक थांबलंय."

मी कुशीवर झाले, पाय खाली सोडले, हातानं रेटा देऊन बसले आणि उभी राहिले. गादीचं एक टोक धरायला वाकणार तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही नको," आणि गादी खांद्यावर टाकून बाहेर गेली. मी चादरीची घडी घातली.